अनेक वर्षांच्या खंडानंतर लहान मुलांना घेऊन पुन्हा रविवारी चर्चला जायचे असेल, तर सुरुवात कशी करावी?

आपला प्रश्न मी असा समजलो: आपण दोघेही पुण्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत वाढलात, लग्नानंतर देवालयात जाणे कमी झाले आणि टाळेबंदीत ते पूर्ण सुटले. आता पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. पुन्हा जावेसे वाटते, परंतु मुले दीड तास बसणार नाहीत, मंडळी ‘इतकी वर्षे कुठे होता’ असे विचारतील, आणि स्वतःचाच विश्वास डळमळीत असताना मुलांना नेणे हे ढोंग ठरेल, अशी धास्ती आहे. आम्ही दोघे तीन वर्षांपूर्वी जवळजवळ याच अवस्थेतून परतलो, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो. आम्ही प्रोटेस्टंट आहोत, त्यामुळे तपशील बहुतांशी मराठी उपासनेचे आहेत.

आमचा रविवार मार्च 2020 मध्ये सुटला. काही महिने आम्ही फोनवर उपासना पाहिली. आधी नीट कपडे करून, मग घरच्या कपड्यांत, मग चहा पीत, आणि शेवटी पाहणेच थांबले. दुसऱ्या लाटेनंतर 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली, तेव्हा आम्ही मात्र घरीच राहिलो. मुलगी लहान आहे, हे कारण हाताशी होते. ते खोटे नव्हते, परंतु त्याच मुलीला घेऊन आम्ही लग्नांना आणि हॉटेलांत बिनदिक्कत जात होतो. खरे सांगायचे तर आम्हांला मुलीच्या आवाजापेक्षा आमच्या गैरहजेरीची लाज अधिक वाटत होती, आणि ती लाज आम्ही तिच्या नावावर खपवत होतो. आपल्या प्रश्नातही मला तिचा थोडा वास आला. चूक असेल तर क्षमा करावी.

पहिल्या रविवारी आम्ही दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. मूल रडले तर पटकन बाहेर जाता येईल, हा विचार. परंतु शेवटच्या बाकावरून चार वर्षांच्या मुलाला दिसतात ती फक्त मोठ्या माणसांची पाठ आणि डोकी. वीस मिनिटांत तिने गीतांचे पुस्तक दोनदा पाडले, पुढच्या बाकाला लाथा मारल्या आणि पापांगीकाराच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या, शांत क्षणी स्पष्ट आवाजात ‘संपलं का?’ असे विचारले. उपासनेनंतर एका वयस्क गृहस्थांनी लहान मुलांना बाहेरच घेऊन बसत जा, असे सुनावले. त्यानंतरचे दोन रविवार आम्ही गेलो नाही.

मार्ग दाखवला तो पत्नीच्या मावशींनी. त्या म्हणाल्या, “अगं, तिला काही दिसतच नाही, तर ती बघणार काय? पुढे बसा.” आम्ही संकोचत दुसऱ्या बाकावर बसलो, आणि फरक त्याच दिवशी जाणवला. तिथून पेटीवर फिरणारी बोटे दिसतात, तबलेवाले काका हातोडीने तबला लावताना दिसतात, वेदीवरच्या मेणबत्त्या दिसतात, पाळकसाहेबांच्या गळ्यातील पट्टा दिसतो. आगमनकाळात तो हिरव्याचा जांभळा झाला, तेव्हा तिने घरी येऊन कारण विचारले, आणि नाताळच्या आधीचे चार रविवार कशासाठी असतात, हे मला अनेक वर्षांनी पुन्हा वाचावे लागले. मूल पुढे बसले म्हणून मूर्तीसारखे बसत नाही, हे खरे. परंतु त्याची चुळबुळ कंटाळ्याची राहत नाही, आणि तसल्या चुळबुळीचा आवाजही कमी असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उपासना हा दीड तासाचा एकसंध ठोकळा आहे, असे समजू नये. गीत, पापांगीकार, स्तोत्र, शास्त्रवाचने, मतांगीकार (विश्वासाची एकत्र कबुली), संदेश (पाळकांचे प्रवचन), अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद, असे तिचे तुकडे आहेत, आणि त्यांपैकी लहान मुलाला खरोखर अवघड जातो तो एकच, संदेश. आपल्या दोन वर्षांच्या मुलाला त्या वेळी एकाने बाहेर अंगणात फिरवून अर्पणाच्या गीताला परत आणावे. पुढच्या रविवारी दुसऱ्याने न्यावे, म्हणजे दोघांपैकी एकाच्याच वाट्याला कायम अंगण येणार नाही. (आमच्या घरांत हे काम न ठरवता आईकडेच जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.) बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा तरुण प्रेषित पौलाचे लांबलेले भाषण ऐकता ऐकता खिडकीत झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. प्रत्यक्ष पौलासमोर तरुण माणसाची ही गत होत असेल, तर दोन वर्षांच्या बाळाकडून आपण अधिक अपेक्षा करू नये. अर्पणाचे नाणे मुलीच्या हातात द्यावे. प्रभुभोजनाच्या वेळी तिला सोबत पुढे न्यावे. पाळक लहानांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, आणि आमच्या मुलीला तो क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपण कॅथलिक असाल, तर एवढे लक्षात असू द्यावे की 1983 च्या धर्मसंहितेनुसार (चर्चच्या कायद्यानुसार) रविवारच्या मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनेचे, बंधन सात वर्षे पूर्ण झालेल्यांनाच आहे. बालकांसह होणाऱ्या मिस्सासाठी रोमहून 1973 साली जी मार्गदर्शिका निघाली, तिने मुलांसाठी शास्त्रवाचनाचा भाग वेगळ्या जागी घेण्याचीही मुभा दिली आहे. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तशी सोय आहे का, हे फादरांना विचारता येईल.

गीतांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या घरात खरा पालट त्यांनी घडवला. मराठी ख्रिस्ती उपासनेला लाभलेले भाग्य असे की नारायण वामन टिळकांसारख्या कवीने (1861–1919) अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची गीते तिला दिली, आणि ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या रूपाने आजही मंडळीच्या हातात आहेत. ही गीते ऐकण्यापेक्षा म्हणण्यासाठीच अधिक आहेत. शनिवारी पाळकांना फोन करून उद्याच्या गीतांचे क्रमांक विचारावे आणि त्यांतील एका गीताचे केवळ ध्रुपद रात्री मुलांसोबत दोन-तीनदा म्हणावे. रविवारी अख्खी मंडळी तेच ध्रुपद म्हणू लागली की मुलाच्या चेहऱ्यावर ‘हे तर आमचं गाणं’ असा जो भाव येतो, तो कोणत्याही खेळण्याने येत नाही. माझे स्वतःचे बालपण गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ गेले. 1885 साली बांधलेल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. त्या वाजू लागल्या की आजी पदर सावरून निघत असे. त्या वर्षांतला एकही संदेश मला आठवत नाही, कारण संदेशाच्या वेळी मी तिच्या मांडीवर झोपलेला असे. गीते मात्र आजही पुस्तक न उघडता म्हणता येतात.

आता ढोंगाचा प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे घेऊन येतो. त्याची स्वतःची खात्री नाही. ‘आपल्याला काही करता येत असेल तर’ अशीच त्याची सुरुवात आहे, आणि पुढे तो ओरडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही गोष्टी एकाच दमात! येशू त्याला आधी स्वतःचा विश्वास पक्का करून या, असे सांगून परत पाठवत नाही. मुलासाठी आलेला तो बाप होता, आणि तेवढे पुरले. माझ्या मते ढोंग तेव्हा होईल, जेव्हा मुलीने ‘देव दिसतो का?’ असे विचारल्यावर आपण न डगमगता पाठ केलेले उत्तर द्याल. ‘मलाही कधी कधी कळत नाही, म्हणून तर आपण जातो’ असे मी माझ्या मुलीला सांगितले आहे, आणि तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेत, मुलीला अवश्य घालावे, परंतु आपले काम तिथे सोपवून मोकळे होऊ नये. 1780 मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केलेल्या शाळेमुळे ही कल्पना पसरली, ती आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. आईबापांच्या जागी कुणाला उभे करण्यासाठी नव्हे.

मुलांचा बाप्तिस्मा राहून गेला आहे, याचा आपण अपराध्यासारखा उल्लेख केला आहे. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 साली नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन स्थापन झाली, तेव्हापासून तिच्यात बालकांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. तेव्हा घाई नको. काही महिने उपासनेला जावे आणि मग पाळकसाहेबांशी निवांत बोलावे.

‘कुठे होता?’ हे लोक विचारतीलच. सबबींची यादी देऊ नये. ‘सुटलं होतं, आता येतो आहोत’ एवढे पुरते. आमच्या अनुभवानुसार तिसऱ्या रविवारनंतर कुणी विचारत नाही, उलट मुलाला उचलून घेणारे चार हात मिळतात. पिशवीत राजगिऱ्याची वडी, पाणी आणि एक चित्रांचे पुस्तक ठेवावे. कुरकुरीत काही नको, मोबाइल तर मुळीच नको, कारण एकदा दिला की प्रत्येक रविवारी द्यावा लागतो.

आणि सुरुवात नाताळला किंवा पुनरुत्थानाच्या सणाला करू नये. त्या दिवशी गर्दीत बाक मिळत नाही, उपासना लांबते, आणि नव्याने आलेल्यांशी बोलायला कुणाला सवड नसते. एखादा साधा, बिनसणाचा रविवार निवडावा. आधी देवालयात फोन करून मराठी उपासनेची वेळ विचारून घ्यावी, कारण अनेक ठिकाणी इंग्रजी आणि मराठी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात, आणि दुसरा बाक हवा असेल तर दहा मिनिटे आधी पोहोचावे.