टेरियर घरात आलाय? आधी त्याला काम द्या

प्रश्न : आमचा जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा पाच महिन्यांचा आहे. सुदामानगरात राहतो, घरामागे छोटासा बगीचा आहे. रोज संध्याकाळी तासभर फिरवतो, वर चेंडू फेकतो, तरी हा थकत नाही. कुंड्या उकरतो, खारींमागे भिंतीवर झेपा घेतो. आणखी किती पळवायचं?

आणखी पळवू नका. रोज पळवून त्याचा दम तेवढा वाढेल आणि उद्या तो दीड तास मागेल. शिवाय या वयात हाडं वाढत असतात. सारखा चेंडू फेकून उड्या मारायला लावणं सांध्यांना बरं नाही.

हा कुत्रा कशासाठी घडला ते बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन भागात जॉन रसेल नावाचे पाद्री होते. शिकारीत कोल्हा बिळात शिरला की त्याला भुंकून बाहेर काढणारा चपळ, लहान चणीचा कुत्रा त्यांना हवा होता. माती उकरणं, बिळात घुसणं, हलणाऱ्या गोष्टीमागे लागणं, ही याची पिढीजात कामं. बिळाच्या अंधारात हुकूम द्यायला माणूस नसे, म्हणून स्वतःच निर्णय घ्यायचीही सवय रक्तात उतरली. त्याला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो बेकार बसलाय, इतकंच.

बगीच्याच्या एका कोपऱ्यात विटांचा चौकोन करून वाळू भरा. त्यात एखादं खेळणं आणि पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे पुरा. सुरुवातीला तुम्हीच त्याला तिथे नेऊन ‘शोध’ म्हणा. कुंडीपाशी दिसला की न ओरडता या कोपऱ्यात वळवा. उकरायला हक्काची जागा मिळाली की कुंड्यांकडचं लक्ष हळूहळू कमी होतं. सकाळचं खाणंही वाटीत देऊ नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, नाहीतर गवतात विखरून टाका. फिरायला नेल्यावर निम्मा वेळ पट्टा सैल सोडून त्याला हुंगू द्या. नाक आणि डोकं चाललं की पिल्लू नुसत्या धावण्यापेक्षा जास्त समाधानानं झोपतं.

आणि झोपेचं बघाच. या वयाच्या पिल्लाला दिवसरात्र मिळून सोळा-अठरा तास झोप लागते. भरल्या घरात, टीव्ही आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती मिळत नाही. दिवेलागणीला पिल्लू वेड्यासारखं घरभर सुसाट धावतं तेव्हा बहुधा त्याला झोप हवी असते. अशा वेळी खेळायला घेऊ नका, शांत खोलीत त्याच्या अंथरुणावर न्या.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पायजम्याला तो लोंबकळतो, हातालाही दात लावतो. मुलगा किंचाळत पळतो. कुत्रा रागीट निघेल का?

चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. त्यात समोर कुणी किंचाळत पळालं तर टेरियरला तो शिकारीचा खेळच वाटणार. हा राग नाही. मुलाला शिकवा : दात लागले की हात घडी घालून, पाय जुळवून गप्प उभं राहायचं, त्याच्याकडे बघायचंही नाही. मग तुम्ही जाड दोरीचं खेळणं पुढे करा. दोरी ओढायचा खेळ जरूर खेळा, पण ‘सोड’ म्हटल्यावर दोरी सुटली तरच पुढचा डाव.

दोन नियम मात्र सगळ्या घरानं पाळायचे. कुत्रा खात किंवा झोपत असताना मुलानं त्याला हात लावायचा नाही, आणि मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही. कातडीवर ओरखडा उठला किंवा रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. ‘आपल्या कुत्र्याला लस दिलीये’ म्हणून हे टाळू नका.

प्रश्न : सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की आमचा टेरियर फाटकापर्यंत भुंकत सुटतो. शेजारचे काका म्हणतात, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारा. सासूबाईंना ते पटत नाही.

सासूबाईंचं ऐका. मारल्यानं त्याच्या मनात ‘गाणं वाजलं की मार बसतो’ एवढंच पक्कं होईल आणि तो आणखी बिथरेल. उलट कचरागाडी ही शिकवायला उत्तम संधी आहे, कारण ती रोज साधारण ठरलेल्या वेळी येते.

गाण्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. दुपारी अगदी हळू आवाजात लावा. तो कान टवकारेल, पण भुंकणार नाही, इतकाच आवाज हवा. त्याच क्षणी चटईवर खाऊ टाका. आवाज दिवसागणिक थोडा-थोडा वाढवा. भुंकला तर तुम्ही घाई केलीत, पुन्हा आवाज कमी करा. पुढे खऱ्या गाडीच्या वेळी खाऊ घेऊन आधीच चटईपाशी थांबा. गाणं वाजताच तो फाटकाऐवजी चटईकडे धावू लागला की निम्मं काम झालं. तोवर त्या वेळी फाटकाकडचं दार बंद ठेवा, कारण भुंकल्यावर गाडी पुढे जाते तेव्हा त्याला वाटतं, आपणच हाकलली.

प्रश्न : आजोबा ताटातलं भरवतात. थोड्यानं काय होतं?

पाच-सहा किलोच्या जिवाला थोडंही पुष्कळ होतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत, म्हणजे कांदा घातलेले पोहेही नकोत. आजोबांचा आनंद मोडू नका : उकडलेल्या गाजराची वाटी त्यांच्याजवळ द्या. ‘बस’ म्हटल्यावर बसला की एक तुकडा, आणि तोही ताटावरून उठल्यावर.

प्रश्न : बगीच्यात पट्टा कधीपासून काढू?

कुंपण नसलेल्या जागी काढूच नका. खार किंवा मांजर दिसली की चांगला शिकलेला टेरियरही रस्ता ओलांडून जातो. दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, गळपट्ट्याला नको. हाक मारल्यावर येण्याचा सराव आधी घरात, मग बगीच्यात. आला की दर वेळी बक्षीस. रागवायला किंवा नखं कापायला त्याला कधीही हाक मारून बोलावू नका, त्यासाठी तुम्ही त्याच्यापाशी जा. उन्हाळ्यात हे सगळं उन्हं चढायच्या आत. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही.