वाचक विचारतात : ‘जनजागृतीचा अभाव’ हे कशाचं कारण?

प्रश्न : ताई, पर्वती पायथ्याजवळच्या एका वस्तीत आमची छोटी संस्था आहे. पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत दरवर्षी घरोघरी डेंग्यूचे पेशंट निघतात. त्यावर काम करायला एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीसाठी अर्ज केला. ‘समस्येची कारणे’ या रकान्यात आम्ही लिहिलं : ‘अस्वच्छता, अशिक्षितपणा व जनजागृतीचा अभाव.’ ‘कारणमीमांसा अपुरी’ असा शेरा मारून अर्ज परत आला. कारणं तर खरी आहेत, मग कमी काय पडलं?
— एक कार्यकर्ती, पुणे

उत्तर : खरी आहेत हे कुणी ठरवलं? रागावू नका. असे अर्ज मी बरीच वर्षं वाचते आहे आणि हे त्रिकूट मला सगळीकडे भेटतं. डेंग्यू असो, कुपोषण असो की मुलींची शाळागळती, कारणं तीच. त्यातही ‘जनजागृतीचा अभाव’ फार सोयीचा. पथनाट्य करायचं, पत्रकं वाटायची हे आधीच ठरलेलं असतं. मग त्याच गोष्टीचा अभाव कारण म्हणून लिहिला की झालं. छाननी करणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येतं.

अस्वच्छतेचं बघा. डेंग्यूचा एडिस इजिप्ती डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे घर लखलखीत आणि दारातलं पिंप काठोकाठ भरलेलं, तिथेच अळ्या सापडायच्या. अशिक्षितपणा तर खोडूनच टाका. पदवीधरांच्या सोसायट्यांत मनीप्लँटच्या बाटलीतही अळ्या निघतात.

आता पिंपापाशी उभं राहून ‘का’ विचारत चला. पाणी का साठवतात? नळाला ठरावीक वेळीच येतं, चढावरच्या घरांना दाब कमी मिळतो. पिंप रिकामं का करत नाहीत? उद्याच्या पाण्याचा भरवसा नसताना भरलेलं पाणी ओतेल कोण? वरचं वापरतात, तळाचं राहतं, त्यातच नवीन भरतात. झाकण का नाही? पिंप भंगारातून आणलेलं, झाकण सोबत आलेलंच नाही; वर एखादी फळी, नाहीतर जुनी साडी. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, तेवढे दिवस तळाच्या पाण्याला आरामात मिळतात.

आणखी एक. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत, पिंपाच्या आतल्या बाजूला. ती तिथे चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. हे वस्तीतल्या किती जणींना माहीत आहे, ते विचारा. माहीत नसेल तर तो माहितीचा खरा अभाव आणि तो खुशाल लिहा. पण ‘आतून घासायचं माहीत नाही’ असा लिहा. माहीत असूनही घासत नसतील, तर पाणी येण्याच्या वेळेला ती बाई चार घरची धुणीभांडी करत असते का, तेही बघा. तसं असेल तर पत्रकाचा काही उपयोग नाही.

ही साखळी जशीच्या तशी अर्जात उतरवा. नळाचा दाब वाढवणं तुमच्या हातात नाही. तरीही तो लिहा आणि ‘यावर आम्ही काम करणार नाही’ हेही स्पष्ट लिहा. झाकणं आणि आठवड्याचा घासायचा वार तुमच्या हातातले आहेत. खर्चाची प्रत्येक ओळ या दोन गोष्टींपाशी पोचली पाहिजे.

पुराव्याचं म्हणाल तर ‘घरोघरी पेशंट’ चालणार नाही. झटपट किटवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी हिशेबात संशयितच राहतो. निदान पक्कं धरतात ते एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीवर. त्यामुळे तुमचा आणि महापालिकेचा आकडा जुळणार नाही आणि कंपनी नेमकं तेच विचारेल. त्यापेक्षा अळ्या मोजा. बॅटरी घ्या, १०० घरं फिरा. किती घरांत अळ्या सापडल्या तो गृह निर्देशांक; १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. कामानंतर पुन्हा हेच मोजता येतं. भांडी प्रकारानुसार लिहा : पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, पत्र्यावरचे टायर. मोजणीत टायरच जास्त निघाले, तर वरची पिंपाची साखळी फाडून टाका आणि टायर तिथे का साठतात ते शोधा.

प्रश्न : धूरफवारणीचं यंत्र अर्जात मागावं का? लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, फोटोही चांगले येतात.
— तीच कार्यकर्ती

उत्तर : फोटो येतात खरे. पण धुराने मरतो तो उडता डास. पिंपातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवे डास हजर. साथ भडकली असताना महापालिका फवारते, ते तिचं तिला करू द्या. तुम्ही प्लास्टिकवाल्याकडे जाऊन तुमच्या पिंपांच्या मापाच्या झाकणाचा भाव काढा आणि यंत्राच्या जागी तो लिहा.