पाणी मुलांसमोरच ओता

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. सासूबाई जलतरंग वाजवायच्या. त्यांचे चिनी मातीचे पंधराएक वाडगे घरात आहेत, दोन-तीन फुटलेत. मुलांना हे वाद्य दाखवायची फार इच्छा आहे, पण मला पेटी जेमतेम येते. एका तासिकेत काय दाखवता येईल? घरून सूर जुळवून नेऊ का? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, घरून जुळवून मुळीच नेऊ नका. पाणी वाटेत हिंदकळेल हे एक. दुसरं असं, की शाळांमधून वाजवताना मी नेहमी पाहते, मुलं खरी रमतात ती जुळवणीत. आपण ती आधीच उरकून टाकतो आणि त्यांच्या वाट्याला नुसतं ऐकणं उरतं. जुळवणी हाच तुमचा कार्यक्रम ठेवा.

सगळे वाडगे लागत नाहीत. सहा पुरेत : सा रे ग प ध आणि वरचा सा. हा झाला भूप राग. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे मुलाने कुठूनही कुठे उडी मारली तरी कानाला खटकत नाही. मोठा वाडगा डावीकडे, मग लहान होत जाणारे, अर्धवर्तुळात. खाली जाडसर चादर घाला. नुसत्या बाकावर वाडगा खडखडतो. पंखा बंद. माइक नको, मुलांनाच जवळ बसवा. पेटीवर एकेक सूर धरायला एखादी मुलगी बसवली की तुमचे हात मोकळे.

आता रिकाम्या वाडग्याच्या काठावर बांबूची बारीक काडी हलकेच मारा आणि लगेच उचला. पेन्सिलही चालेल. मग पाणी ओतण्याआधी विचारा, "आवाज चढेल की उतरेल?" बहुतेक वर्ग "चढेल!" म्हणून ओरडतो, कारण पाणी चढताना डोळ्यांना दिसत असतं. ओता, वाजवा. आवाज उतरतो.

थरथरतो तो वाडगा. पाणी घातलं की त्याच्या भिंतीला पाण्याचं ओझंही हलवावं लागतं, ती सावकाश थरथरते आणि सूर खाली येतो. नावात जल असूनही आपल्याकडे हे वाद्य घनवाद्यांत, म्हणजे टाळ-झांजांसारख्या स्वतःच थरथरून वाजणाऱ्या वाद्यांत, धरतात ते म्हणूनच. लगेच काचेची बाटली घ्या. तोंडावर फुंकर मारा, पाणी घाला, पुन्हा फुंका. इथे सूर चढतो, कारण आता आतली हवा वाजते आणि तिची जागा आखूड झालेली असते. त्याच बाटलीवर काडी मारली, तर पाण्यागणिक सूर उतरतो. यावर मुलांना मनसोक्त भांडू द्या, घाईने उत्तर सांगू नका.

पाण्याने सूर खालीच आणता येतो, तोही एका मर्यादेपर्यंत. म्हणून रिकामा वाडगा हव्या त्या सुरापेक्षा थोडा चढा निवडा. शेवटची जुळवणी चमच्याने, थेंबाथेंबाने. पाणी जास्त झालं तर स्पंजने टिपून घ्यायचं. हे काम मुलांवर सोपवा. गाण्याचा तास कधी न मिळालेलं पोर पेटीकडे कान लावून "बाई, अजून दोन थेंब" म्हणतं, आणि ते बरोबर असतं! हा कान मुलांकडे असतोच, तो वापरायची वेळ त्यांच्यावर कुणी आणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एक वाडगा खिडकीतल्या उन्हात ठेवा. काडी मारली की काठालगत बारीक लहरी उठतात आणि छतावरचा कवडसा थरथरतो. पाळीपाळीने प्रत्येकाला वाकून बघू द्या, तासिकेतली दहा मिनिटं गेली तरी चालतील.

वाजवून काय दाखवायचं? भूपातली एखादी सोपी सरगम पुरे. जलतरंगाचा सूर लांबत नाही, म्हणून लांब स्वर हवा असेल तिथे दोन्ही काड्यांनी भरभर वाजवा.

राहिले फुटलेले वाडगे. तडा गेलेला वाडगा बद्द वाजतो, तो चिकटवून उपयोग नाही. क्रोकरीच्या दुकानात काडी घेऊनच जा. वाडगा तळहातावर ठेवून वाजवून बघा, आवाज रेंगाळेल तोच घ्या. सेट नको, सुटेच मागा. उरलेले वाडगे मात्र दुकानात नेऊ नका. त्यांचे सूर पेटीवर शोधून कागदावर लिहून न्या, म्हणजे कुठला सूर कमी आहे ते कळेल.