स्पिरिटिझमची मूळ शिकवण नेमकी कुठे वाचायला मिळेल? नंतर त्यात बदल झाले का?

आधी एक, स्पिरिटिझम म्हणजे आपल्याकडचं प्लँचेट नव्हे हो, ती आत्मे, त्यांच्याशी संवाद आणि पुनर्जन्म यांबद्दलची एक शिकवण आहे; १८५७ ला पॅरिसमध्ये अ‍ॅलन कार्देकने (खरं नाव रिवेल, पेशाने शिक्षक) हा शब्दच मुद्दाम नवा घडवला आणि 'आत्म्यांचं पुस्तक' काढलं. पहिल्या आवृत्तीत ५०१ प्रश्न होते, १८६० च्या दुसरीत हजारावर गेले, पण ती वाढ त्याने स्वतः केलेली, म्हणून दुसरीच आवृत्ती धरा.

खरा घोळ त्याच्याच 'जेनेसिस' या पुस्तकाचा आहे (बायबलमधलं नव्हे). ते आलं १८६८ ला, कार्देक गेला मार्च १८६९ मध्ये, आणि पाचव्या आवृत्तीत बरंच बदललेलं दिसतं, उदा. १५ व्या प्रकरणात येशूचं शरीर थडग्यातून कुठे गेलं यावरचा ६७ वा परिच्छेदच गायब! १८८४ ला आंरी सॉस नावाच्या अनुयायाने पहिली आणि पाचवी आवृत्ती ओळीला ओळ लावून बघितली आणि हे बदल कार्देकच्या मागे दुसऱ्यांनी केले अशी जाहीर तक्रार केली. बदल कार्देकनेच केले असं मानणारेही आहेत, ब्राझीलमध्ये यावर अजून जोरात वाद चालतो.

मला विचाराल तर 'जेनेसिस'ची १८६८ चीच प्रत वाचा, फ्रेंच स्कॅन नेटवर फुकट मिळतात, आणि सोबत कार्देक १८५८ पासून काढत असलेलं मासिकही बघा, त्यात त्याचे विचार महिन्या-महिन्याला कसे बदलत गेले ते दिसतं.