स्नो बंगाल मांजराच्या पिल्लाचे ठिपके पुसट असतील तर ते भेसळीचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू दहा आठवड्यांचं आहे, डोळे निळे, अंग पांढुरकं, ठिपके जेमतेम दिसतात आणि विकणारा म्हणतो, 'नंतर उठतील.' एवढ्यावरून तो फसवतोय असं मी म्हणणार नाही. माझी भाटीही स्नोच, म्हणजे बंगाल जातीच्या पांढुरक्या रंगाची आहे. ती घरी आली तेव्हा शेजारच्या काकूंना ती साधी पांढरी मांजर वाटली होती.

यामागे दोन कारणं एकत्र आहेत. बंगालच्या पिल्लांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून लांब, विसविशीत केस फुटतात आणि खालची नक्षी झाकली जाते. पाळणारे याला 'फझी' म्हणतात. तीन-चार महिन्यांची झाली की ते केस हळूहळू जातात. दुसरं कारण स्नो रंगाचं. निळ्या डोळ्यांच्या स्नोमध्ये, म्हणजे 'लिंक्स पॉइंट'मध्ये, सयामी मांजराचंच जनुक असतं. त्यामुळे अंगाच्या उबदार भागात रंग नीट तयार होत नाही आणि कान, शेपूट, पाय अशा थंड भागांत गडद होतो. ही पिल्लं जवळजवळ पांढरीच जन्मतात, नक्षी मागाहून उमटते. माझ्या भाटीच्या कुशीवरचे ठिपके सहाव्या महिन्यात कुठे नीट मोजता यायला लागले, आणि अजूनही दर हिवाळ्यात ती थोडी गडद होते.

डोळे हिरवट-निळे असते तर 'मिंक' आणि सोनेरी-हिरवे असते तर 'सेपिया' म्हटलं असतं. सेपियाचं जनुक बर्मीज मांजराकडचं, आणि मिंकमध्ये दोन्हींचा एकेक वाटा.

सयामीचं जनुक म्हणजे भेसळच की, असं वाटेल. पण ही जातच संकरातून आली आहे. कॅलिफोर्नियाच्या जीन मिल यांनी लेपर्ड कॅट हे ठिपकेदार, छोटं रानमांजर आणि पाळीव मांजरं यांच्यापासून ती घडवली. लेपर्ड कॅट आपल्या सह्याद्रीतही आहे. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'बेंगालेन्सिस'वरून जातीचं नाव पडलं. मला सगळ्यात आवडतो तो 1982 चा प्रसंग. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक ठिपकेदार, सोनेरी झाक असलेला बोका मिल यांच्या नजरेला पडला. पुढे तो 'टोरी ऑफ दिल्ली' या नावाने या जातीचा एक मूळपुरुष झाला. बंगालच्या केसांवर उन्हात जी चकाकी दिसते, ती त्याच्याकडून आली असं मानतात.

विकणारे रंग आणि नक्षी यांची गल्लत करतात, तेव्हा दोन्ही वेगळं विचारा. नक्षी दोनच: ठिपके किंवा मार्बल. मार्बल म्हणजे अंगावर वाहत गेलेले मोठे वळसे. ते जनुक दबून राहणारं असल्यामुळे ठिपकेवाल्या आईबापांनाही मार्बल पिल्लू होऊ शकतं. 'रोझेट' म्हणजे दोन रंगी ठिपका: कड गडद, आतला भाग फिकट पण अंगाच्या रंगापेक्षा थोडा गडद. रंगांत ब्राउन, सिल्व्हर आणि स्नो हे मुख्य. चारकोल या गडद प्रकारात चेहऱ्यावर गडद मुखवटा आणि पाठीवर काळी झूल असते. त्यासाठी एक जनुक लेपर्ड कॅटचं आणि एक साध्या काळ्या मांजराचं लागतं. सिल्व्हरमध्ये पिवळट झाक कमी असेल तितकं चांगलं.

पिल्लाला उन्हाच्या उजेडात खिडकीशी धरून पोटाकडे बघा. बंगालचं पोटही ठिपकेदार हवं, आणि पुसट असले तरी ते ठिपके उजेडात दिसतात. मग आई-बापांना प्रत्यक्ष भेटा. त्यांचे डीएनए अहवाल मागा, विशेषतः पीआरए-बी या आंधळेपण आणणाऱ्या आजाराचा आणि पीके-डेफ या रक्तविकाराचा. हे अहवाल द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडचं पिल्लू कितीही देखणं असलं तरी मी घेणार नाही.