परदेशी निघालेल्या एका आईला

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला परदेशात नोकरी मिळाली आहे, दोन शाळकरी मुलांना घेऊन वर्षभरात निघायचंय, तर मुलं तिथे रुळतील का आणि निघण्याआधी कोणती तयारी करावी. मी शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर देश सोडला. गेल्या वर्षी आई गेली. त्यामुळे हे उत्तर मी मुलांच्या बाजूने लिहितेय, आणि लिहिताना सगळा वेळ आईच डोळ्यांसमोर आहे.

मुलांचं थोडक्यात सांगते. मुलं रुळतात. खेळण्याबोलण्यापुरती भाषा त्यांना साधारण दोनेक वर्षांत येते. पण अभ्यासाची भाषा, म्हणजे इतिहासाचा धडा समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिण्याइतकी, पक्की व्हायला पाच ते सात वर्षंही लागतात. तेव्हा मुलं घडाघडा बोलायला लागली म्हणून शाळेतला भाषेचा जादा तास बंद करू देऊ नका. घरात मराठीच बोला. त्याने नवी भाषा मागे पडत नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात नवऱ्याची नोकरी आहे, मुलांची शाळा आहे, तुम्ही कुठेच नाही. माझी आईही अशीच निघाली होती.

आई गेल्यावर तिच्या कपाटात एक वही सापडली. पहिल्या वर्षातली. तिकडची भाषा तिने देवनागरीत लिहून काढली होती. ‘माझ्या मुलीला ताप आहे, ती आज शाळेत येणार नाही.’ ‘कृपया पुन्हा एकदा हळू सांगाल का?’ फोन करण्याआधी ती आपलं वाक्य लिहायची, समोरून काय काय उत्तर येऊ शकेल तेही लिहायची, आणि मग नंबर फिरवायची. पुढच्या पानांवर पूर्ण वाक्यं नाहीत, नुसते मुद्दे आहेत. त्यानंतर वही कोरी आहे, कारण तोवर तिला भाषा आली होती. आम्हाला शाळेत, दवाखान्यात, बँकेत सगळीकडे घेऊन जाणारी ही बाई दर फोनआधी अशी तयारी करत होती, हे आम्हा मुलांना कधी कळलंच नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटतो. तुम्हाला हे एकटीने करावं लागू नये, म्हणून भाषेचा वर्ग पहिल्याच महिन्यात लावा. घर लागल्यावर बघू, असं म्हणू नका; घर लागतच राहतं.

तुमचा व्हिसा बहुधा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असेल. अशा व्हिसावर काम करता येतं की नाही, हे प्रत्येक देशात, कधीकधी व्हिसाच्या प्रत्येक प्रकारात वेगळं असतं. नवऱ्याची नोकरी गेली, लग्न मोडलं किंवा त्याचं काही बरंवाईट झालं तर तुमचा तिथे राहण्याचा हक्क किती दिवस टिकतो, हेही निघण्याआधी लेखी समजून घ्या. विचारायला अवघड वाटेल, तरी विचारा. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडा, घराच्या करारावर आणि एखाद्या तरी बिलावर तुमचं नाव असू द्या. पुढे पत्त्याचा पुरावा लागतो तेव्हा हेच उपयोगी पडतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त त्रास होतो तो नावाचा. जन्मदाखल्यावर लग्नाआधीचं नाव, पासपोर्टवर नंतरचं, पदवीवर आणखी वेगळं स्पेलिंग. आईने विवाहनोंदणी, नावबदलाचा पुरावा आणि ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र एका फाईलमध्ये लावून ठेवलं होतं. ती गेल्यावर दोन देशांतली तिची खाती बंद करताना याच फाईलने आम्हाला तारलं. रडायला वेळ मिळाला, तो तिच्या शिस्तीमुळे. तुम्हीही दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या. १९६१च्या हेग करारात सामील असलेल्या देशांत ते चालतं. मात्र त्याने फक्त सही-शिक्क्याची खात्री पटते, भाषांतर लागलं तर ते वेगळं करावं लागतं. आणि दोन देशांत मालमत्ता असेल तर वकिलाला दोन्हीकडची सांगा. एका देशात केलेल्या नव्या इच्छापत्राने दुसरीकडचं जुनं नकळत रद्द होऊ शकतं.

दवाखान्यात मुलांना दुभाषी करू नका. अनेक देशांतल्या रुग्णालयांत प्रशिक्षित दुभाषी मिळतो, मागावा लागतो. आईच्या आजारात आम्ही तो मागितला, आणि मला तिच्या उशाशी नुसतं लेक म्हणून बसता आलं. शेवटी तिची शिकलेली भाषा गळून गेली, मराठीच उरली. आम्ही ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘कूस बदला’ असे शब्द अर्थासकट कागदावर लिहून पलंगाला लावले. परिचारिका ते शब्द उच्चारायला शिकल्या.

एक शेवटचं, जे कुठल्याच यादीत नसतं. तुमचा आवाज मुलांसाठी ठेवा. आईचे व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहेत, कारण ते वेळीच फोनबाहेर उतरवून घेतले. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर बहुधा काढून टाकलं जातं. गुगलही दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. गुगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि अॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे, त्यात आपल्यामागे खात्यातली माहिती मिळावी म्हणून आपलं माणूस आधीच नेमता येतं. आणि देश सोडताना तुम्हाला काय वाटतंय ते आत्ताच रेकॉर्ड करा, सामान बांधता बांधता केलंत तरी चालेल. आईने तो पहिला दिवस कसा काढला, विमानात ती रडली का, हे मला तिला विचारायचं होतं. वहीत त्या दिवसाचं पान नाही.

कुठला देश, कुठला व्हिसा ते ठरलं की लिहा. मुलांच्या शाळाप्रवेशाला कोणते लसीकरणाचे दाखले लागतात, तेही तेव्हाच पाहू.