प्रस्तावना शेवटी वाच

पुणे

चि. परीक्षकबाई,
अनेक आशीर्वाद.

बालकुमार पुस्तकांच्या पुरस्कारासाठी तुला परीक्षक म्हणून बोलावलंय, हे ऐकून बरं वाटलं. 'काकू, मी कोण पुस्तकांना मार्क देणारी?' असं तू फोनवर म्हणालीस. मार्क द्यायचेच नाहीत. एक पुस्तक निवडायचं आणि तेच का, हे समितीतल्या इतरांना पटवून सांगायचं. बाकी भीती गठ्ठा घरी येईपर्यंतच असते. एकदा तो आला की भ्यायला वेळ मिळत नाही.

पुस्तक हातात घेतलंस की थेट पहिल्या प्रकरणावर जा. मनोगत, प्रस्तावना, ऋणनिर्देश, मान्यवरांच्या शुभेच्छा, मलपृष्ठावरची पाठराखण हे सगळं शेवटी. आपल्याकडे मुलांच्या एवढ्याशा पुस्तकातही मोठी माणसं मोठ्या माणसांचं कौतुक करत पानंच्या पानं अडवतात. एकही मूल ती वाचत नाही. परीक्षक मात्र वाचतो, आणि कुणा नामवंतानं 'संस्कारक्षम' म्हटलंय हे डोक्यात ठेवूनच गोष्टीत शिरतो. तिथेच घोळ होतो.

माझं खरं सांगणं एवढंच आहे, की पुस्तकाच्या हेतूला बक्षीस देऊ नकोस. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात. झाडं लावा, पाणी वाचवा, मोबाइल बाजूला ठेवा, आजी-आजोबांशी बोला. याला नाही कोण म्हणेल? पण समज, दोन मुलं पडक्या वाड्यात शिरली आहेत, जिना करकरतोय, वर कुणीतरी खोकलंय. आणि खोकणारे आजोबा पुढं येऊन म्हणतात, 'बाळांनो, हा वाडा म्हणजे आपला सांस्कृतिक ठेवा.' पुढची दोन पानं तेच बोलतायत. मुलं 'होय आजोबा' म्हणतात आणि प्रकरण संपतं. असं पान आलं की पेन्सिलीनं खूण कर. तीन खुणा झाल्या की पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. विषय कितीही गरजेचा असो.

अमेरिकेतलं न्यूबेरी पदक 1922 पासून दिलं जातं. मुलांच्या पुस्तकांसाठीचा जगातला हा पहिला मोठा पुरस्कार. 1928 साली तो कलकत्त्याकडचे धनगोपाळ मुखर्जी यांना एका कबुतराच्या गोष्टीसाठी मिळाला, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नसतं. त्या पदकाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की हा पुरस्कार उपदेशासाठीही नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. बैठकीत कुणी 'पण संदेश किती छान आहे!' म्हणालं, तर हा नियम खुशाल सांग. परदेशातलं उदाहरण दिलं की आपली मंडळी जरा लवकर ऐकतात, काय करणार!

बालकविता मात्र मनातल्या मनात वाचू नकोस. दार लाव आणि मोठ्यानं म्हण. 'पाऊस आला धो धो धो, छत्री म्हणते नको नको' इथपर्यंत टाळी बरोबर पडते. पुढची ओळ 'आणि मग आम्ही सर्वजण आनंदाने घरी गेलो' अशी आली, की जीभ अडखळते. कवीला यमक सापडलं नाही आणि त्यानं तिथंच हात टेकले, हे कानाला लगेच कळतं, डोळा फसतो. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालकवितेला बालकवींच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे आणि बालकादंबरीला साने गुरुजींच्या नावाचा. तुमच्याकडे बहुतेक सगळं एकाच गठ्ठ्यात असेल. म्हणून कवितेची पुस्तकं वेगळ्या दिवशी वाच. जाडजूड कादंबरीनंतर उघडलं की चांगलं कवितेचं पुस्तकसुद्धा किरकोळ वाटतं.

भाषेचं एक आपल्या पुण्याचं दुखणं आहे. पुस्तकातला पोरगा हडपसरच्या चाळीतला असतो, वडील मार्केट यार्डात हमाल असतात, आणि बोलतो मात्र सदाशिव पेठेतल्या वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा. उलटंही होतं. गरीब म्हणून दाखवायचं तर दर वाक्यात एक शिवराळ शब्द. दोन्हींत लेखकानं त्या मुलाला कधी नीट ऐकलेलं नसतं. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे फुरसुंगीचा केला, पण त्याला 'गावचा मुलगा' म्हणून कधी पाटावर बसवून दाखवलं नाही. तो सायकल काढून सरळ सुटतो. 2019 साली साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा बालसाहित्य पुरस्कार सलीम सरदार मुल्ला यांना मिळाला, ते वनखात्यात नोकरी करणारे. जंगल ज्याच्या पायाखालचं आहे त्यानं लिहिलेलं आणि माहितीपुस्तकातून उचलून लिहिलेलं, यांतला फरक वर्णनाच्या दुसऱ्या ओळीत कळतो. तो शोधायची सवय लाव.

वयाचा प्रश्न तुम्हाला छळणार. अकादमीचा हा पुरस्कार 2010 साली सुरू झाला. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. मराठीतला पहिला आपल्या अनिल अवचटांना मिळाला. पण तो दर भाषेत एकच असतो. नऊ वर्षांच्या मुलाचं पुस्तक आणि दहावीतल्या मुलीचं पुस्तक एकाच तागडीत. अमेरिकेत बारा ते अठरा वयासाठी प्रिंट्झ पुरस्कार वेगळा आहे, तोही 2000 सालापासूनच, म्हणजे न्यूबेरीनंतर पाऊणशे वर्षांहून जास्त काळानं. 2007 मध्ये तो एका चित्रकादंबरीला दिला गेला. आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहिणारे आधीच थोडे. त्यात एखाद्यानं शरीरातले बदल, घरातली भांडणं, जात, पहिलं प्रेम यांना हात घातला, की समितीत कुणीतरी 'हे मुलांच्या हाती कसं द्यायचं?' असं विचारतंच. तिथे तू तोंड उघड. तुला परीक्षक नेमलंय ते त्या मुलांच्या जवळच्या वयाची म्हणून, हे विसरू नकोस. पुस्तक कच्चं असेल तर कच्चं म्हण, पण विषयाला घाबरून ते मागं पडू देऊ नकोस.

चित्रांकडे बघताना आधी श्रेयपान उघड. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आहे का? बालसाहित्यासाठीचा आंतरराष्ट्रीय हँस अँडरसन पुरस्कार 1966 पासून चित्रकारांनाही दिला जातो. टाटा ट्रस्टच्या बिग लिटल बुक पुरस्कारातही 2016 साली लेखनासाठी माधुरी पुरंदरे आणि चित्रांसाठी अतनू रॉय अशी दोन नावं होती. तुमच्या पुरस्कारात तशी सोय नसेल, तर निदान निवड जाहीर करताना चित्रकाराचं नाव घ्यायला लाव. ज्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रं सांगतात, त्याचा हार एकट्या लेखकाच्या गळ्यात कसा घालायचा?

मुलांना वाचायला द्यायचं का, हे तू विचारलं होतंस. जरूर दे. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठीच्या कार्नेगी पदकाच्या अंतिम यादीतली पुस्तकं शाळाशाळांतली मुलं परीक्षकांच्या बरोबरीनं वाचतात आणि आपली निवडही सांगतात. तू तुझ्या सोसायटीतल्या चार मुलांना दे. 'आवडलं का?' असं विचारू नकोस, सगळी शहाण्यासारखी 'हो' म्हणतात. कितव्या पानावर ठेवलं, ते बघ.

शेवटच्या बैठकीत 'विभागून देऊ या' ही सूचना येईल. चहा आल्याबरोबर येते. तिला विरोध कर. दोन पुस्तकं खरंच तोडीस तोड असणं क्वचितच घडतं, एरवी विभागणी म्हणजे वाद टाळायची सोय. दुसऱ्या पुस्तकाचा विशेष उल्लेख करा हवं तर. आणि एखाद्या विभागात काहीच पात्र नसेल, तर 'यंदा पुरस्कार नाही' असं लिहायची तयारी ठेव. एक-दोन लोक रागावतील.

अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकबाजारात, आपण सगळेच सगळ्यांना ओळखतो. गठ्ठ्यात तुझ्या मैत्रिणीचं किंवा तुझ्या प्रकाशकाचं पुस्तक निघालं, तर पहिल्याच बैठकीत सांगून टाक आणि त्याच्या चर्चेला बाहेर जाऊन बस. फोन येतील, 'बघा हं आमच्या पुस्तकाकडे' म्हणून. 'पाहते' एवढंच म्हण.

निवेदन लिहायची वेळ आली की 'सकस', 'दर्जेदार', 'संस्कारक्षम' हे शब्द वापरायचे नाहीत. पुस्तकातली एक जागा सांग, जी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. तशी जागा आठवत नसेल, तर निवड पुन्हा तपास.

मानधन विचारायला लाजू नकोस. निकालानंतर पुस्तकं परत द्यायची आहेत का तेही आत्ताच विचारून घे. नको म्हणाले, तर बिबवेवाडीच्या शाळेतल्या बाई केव्हापासून मुलांसाठी पुस्तकं मागतायत, त्यांना देऊ. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडून ठेव.

तुझी,
काकू